पेट्रोल पंपाचं मशीन वापरायला सोपं कसं करता येईल? डिझाइनपासून घरच्या प्रोटोटाइपपर्यंत

मागच्या उन्हाळ्यात धुळ्याहून जळगावला बाइकवर येत होतो. वाटेत एका पंपावर थांबून दोनशेचं पेट्रोल सांगितलं. भरणाऱ्याने "झिरो बघा" म्हटलं, मी बघितलं. मग पैसे द्यायला मोबाइल काढला. ऊन इतकं की स्क्रीन दिसेना. हाताची सावली करून क्यूआर कोड स्कॅन केला आणि मान वर केली, तोपर्यंत नोझल शेजारच्या गाडीत गेलं होतं. मशीनवर पुन्हा झिरो.

पेट्रोल बरोबर मिळालं की कमी? माहीत नाही. बहुतेक बरोबरच मिळालं असेल. पण ते "बहुतेक" घरी येईपर्यंत डोक्यात राहिलं. मामांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, आकडा बघायचा तर चष्मा लागतो आणि हेल्मेटमध्ये चष्मा बसत नाही, म्हणून ते कधी बघतच नाहीत.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. एखाद्या ॲपमध्ये पैसे कापले गेले आणि किती कापले ते दिसलंच नाही, तर आम्ही त्याला सरळ बग म्हणतो. मग पंपावर तेच झालं तर त्याला नशीब का म्हणायचं? या लेखात आपण बघूया की पेट्रोल पंपाचं मशीन आतून कसं चालतं, वापरताना ते कुठे अडतं, आणि त्यापेक्षा सोपं मशीन कसं असावं याचा नमुना पाण्यावर, घरच्या घरी कसा बनवता येतो.

आधी थोडा इतिहास: डोळ्यांसमोरचं पेट्रोल

१८८५ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट वेन गावी सिल्व्हेनस बाउजर यांनी रॉकेल मोजून देणारा पंप बनवला. पुढे तोच प्रकार पेट्रोलसाठी आला. आजही इंधन वाहून नेणाऱ्या टँकरला आपल्याकडे बाउजर म्हणतात, तो शब्द त्यांच्याच आडनावावरून आलेला.

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना पंपावर विश्वास नव्हता. जमिनीखालून काहीतरी येतं आणि गाडीत जातं, ते किती आणि कसलं हे कोण सांगणार? म्हणून मशीनच्या डोक्यावर काचेचं मोठं नळकांडं बसवायला लागले. त्यावर मापाच्या खुणा असायच्या. हाताने दांडा हलवून आधी पेट्रोल त्या काचेत चढवायचं, गिऱ्हाइकाने डोळ्यांनी माप बघायचं आणि मग ते आपोआप खाली गाडीत उतरायचं. १९३० च्या दशकात माप आणि रक्कम दोन्ही मोजून दाखवणारी मशीनं आली आणि काचेची गरज संपली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. काच गेली आणि तिच्या जागी आकडे आले. म्हणजे पंपावरचे आकडे ही नुसती माहिती नाही, गिऱ्हाइकाच्या हातात असलेला तो एकमेव पुरावा आहे. तो दिसला नाही तर बाकीचं मशीन कितीही भारी असो, उपयोग नाही. पूर्ण लेख या एका वाक्यावर उभा आहे: ज्याचे पैसे जातात, त्याला बसल्या जागेवरून झिरो आणि शेवटचा आकडा, दोन्ही दिसले पाहिजेत.

मशीनच्या आत काय चालतं?

पंपावरचं मशीन उघडलं तर साधारण हे भाग सापडतात:

१. मोटर आणि पंप: जमिनीखालच्या टाकीतून इंधन वर खेचतो. काही ठिकाणी हा पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि तिथून तो इंधन वर ढकलतो.

२. हवा वेगळी करणारा भाग: इंधनासोबत हवेचे बुडबुडे आले तर मीटर तेही मोजेल. म्हणून मीटरच्या आधी हवा काढून टाकतात.

३. मीटर: हे खरं मोजमाप. आत पिस्टन असतात. ठरलेलं इंधन भरलं आणि बाहेर गेलं की दांडा तेवढाच फिरतो. लोटा भरून ओतत राहावं आणि लोटे मोजावेत, तसं.

४. पल्सर: दांडा फिरला की हा विजेचे ठोके, म्हणजे पल्स पाठवतो. समजा लिटरला १०० पल्स असतील, तर एक पल्स म्हणजे १० मिली.

५. कंट्रोलर आणि डिस्प्ले: पल्स मोजायचे, भावाने गुणायचं आणि रक्कम, लिटर, भाव असे तीन आकडे दाखवायचे.

६. व्हॉल्व्ह: दोनशेचं सांगितलं असेल तर रक्कम जवळ आल्यावर प्रवाह आधी बारीक करतो आणि मग बंद करतो. शेवटचे काही पैसे हळूहळू सरकतात ते यामुळे.

७. नोझल: टोकाजवळ एक बारीक भोक असतं. टाकी भरून इंधन त्या भोकापर्यंत आलं की त्यातून हवा ओढली जाणं थांबतं, आतला पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. "टक" असा आवाज येतो तो हाच. या सगळ्याला वीज लागत नाही.

आणखी एक गंमत. नोझल उचललं की कधी कधी डिस्प्लेवर क्षणभर सगळीकडे ८ दिसतो, मग कोरं आणि मग शून्य. हा बिघाड नाही. प्रत्येक आकडा सात दांड्यांचा असतो आणि ८ मध्ये सातही पेटतात. मधली आडवी दांडी जळालेली असेल तर ८ सुद्धा ० सारखा दिसेल. म्हणून मशीन आधी सगळ्या दांड्या पेटवून आणि मग विझवून दाखवतं. "माझे डोळे ठीक आहेत" असं ते सांगतं. पण हे पंपावर किती जणांना माहीत असतं? मशीन प्रामाणिकपणे स्वतःची परीक्षा देतं आणि ती कोणी बघत नाही.

वापरणारा एक नाही, दोन आहेत

युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक स्वतःच पेट्रोल भरतं. तिथली मशीनं त्याच हिशोबाने बनतात. आपल्याकडे भरणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा. त्यामुळे "सोपं मशीन" म्हणताना दोघांचा विचार करावा लागतो.

भरणारा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात हा माणूस दिवसभर उभा. प्रत्येक गाडीला तेच: किती ते विचारा, बटणं दाबा, नोझल उचला, झिरो दाखवा, भरा, लटकवा, पैसे घ्या. बटणांवरचे आकडे घासून पुसट झालेले असतात. मागे रांग हॉर्न वाजवत असते. त्याला कमी बटणं आणि चूक झटकन सुधारता येणं हवंय.

पैसे देणारा. बाइकवाला गाडी पुढे घेतो, कारण पाइप टाकीपर्यंत पोहोचला पाहिजे. मग तो बघतो पुढे आणि मशीन राहतं बाजूला किंवा पाठीमागे. वर हेल्मेट. स्कूटरची टाकी सीटखाली असेल तर उतरून, सीट उघडून उभं राहावं लागतं. ट्रकचा ड्रायव्हर उंच केबिनमधून तिरका बघतो. पोलराइज्ड गॉगल असेल तर काही कोनांतून एलसीडी चक्क काळा दिसतो.

आणि वेळ? मिनिटाला १० लिटर इतक्या हळू भरलं तरी दोन लिटर जायला १२ सेकंद लागतात. पाकीट किंवा मोबाइल काढायला तेवढाच वेळ जातो. म्हणजे ज्या क्षणी बघायला हवं, नेमकं त्याच क्षणी गिऱ्हाइकाचे डोळे खिशात असतात.

तीन आकडी भावाचा धडा

फेब्रुवारी २०२१ मध्ये काही शहरांत प्रीमियम पेट्रोल शंभरी पार गेलं. तेव्हा भोपाळमधल्या काही पंपांवर वेगळीच अडचण आली. जुन्या मशीनवर लिटरच्या भावासाठी दशांश चिन्हाआधी दोनच आकड्यांची जागा होती. १०० दाखवायचे कसे? तिथे विक्री थांबवावी लागली.

पेट्रोल होतं, वीज होती, गिऱ्हाईक होतं. एका आकड्याची जागा नव्हती. ज्यांनी २००० सालच्या वायटूकेबद्दल वाचलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल: वर्ष दोन आकड्यांत साठवायचं आणि पुढे काय होईल ते पुढचे बघतील. डिझाइन करताना "आज पुरतंय" हे कधीच पुरेसं नसतं.

आपलं डिझाइन: पाच बदल

मीटर आणि पंप यांना आपण हात लावत नाही, ते काम चांगलं करतात. बदल फक्त माणसाशी बोलणाऱ्या भागात.

१. आकडा मोठा आणि गिऱ्हाइकाकडे वळलेला. निरोगी नजरेला ३ मीटरवरून ओळखता येणारं सगळ्यात लहान अक्षर साधारण ४.४ मिमी उंचीचं असतं. पण ही झाली डोळ्यांच्या दवाखान्यातली गोष्ट. नजर एक तृतीयांश असेल तर १३ मिमी लागतं. त्यावर ऊन, धूळ, हेल्मेटची ओरखडलेली काच धरा. म्हणून मी किमान २५ मिमी धरतो. शिवाय मुख्य मशीनला जोडलेला एक छोटा डिस्प्ले बाइक थांबते तिथे, समोरच्या खांबावर. मान वळवायची गरजच नको.

२. मागचा व्यवहार पुसायचा नाही. मोठ्या आकड्यांखाली एक बारीक ओळ: "मागची गाडी: २०० रुपये, १.९० लिटर". नवीन गाडी सुरू झाली तरी ती ओळ पुढचा व्यवहार संपेपर्यंत राहते. माझ्यासारखा मोबाइलमध्ये अडकलेला माणूसही नंतर बघू शकतो. पाचांपैकी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल मला हाच वाटतो.

३. बोलणारं मशीन. चहाच्या टपरीवरचा साउंडबॉक्ससुद्धा "दहा रुपये मिळाले" असं मराठीत सांगतो. तो दुकानदाराला सांगतो की पैसे आले. मग गिऱ्हाइकाला माल किती गेला हे कोणी का सांगू नये? सुरुवातीला "शून्य. दोनशे रुपये." शेवटी "दोनशे रुपये. एक पॉइंट नऊ शून्य लिटर." ज्याला वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्याच्यासाठी ही सोय म्हणजे चैन नव्हे.

४. कमी बटणं. वरच्या रांगेत १००, २००, ५०० आणि "फुल". खाली आकडे. "रद्द" लाल आणि इतरांपासून लांब. आकडा रंगवलेला नको, कोरलेला हवा, म्हणजे घासला तरी बोटाला कळेल.

५. अर्धवट थांबलं तर स्पष्ट सांगायचं. दोनशेऐवजी शंभरावरच थांबलं आणि पुन्हा सुरू केलं, तर भांडण ठरलेलं. अशा वेळी "शंभर रुपयांवर थांबलं, व्यवहार संपला" असं बोर्डावर आलं पाहिजे. पुढचा व्यवहार झिरोपासून आणि दोन्ही रकमा वर-खाली दिसत राहिल्या पाहिजेत.

आता भाषेबद्दल. आकडे देवनागरीत दाखवावेत का? वैधमापन कायदा २००९ च्या कलम ६ नुसार मोजमापासाठी भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप, म्हणजे इंग्रजी पद्धतीने लिहितात ते आकडे, हेच प्रमाण आहे. शिवाय सात दांड्यांच्या डिस्प्लेवर आपले ५, ६, ९ नीट बसतही नाहीत. म्हणून आकडे तसेच ठेवायचे, पण शेजारची नावं मराठीत: रुपये, लिटर, भाव. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. तिथल्या पंपावर गुजराती नावंही लागतील. नाव छापील पट्टीऐवजी सॉफ्टवेअरमध्ये असेल तर हे काम पाच मिनिटांचं.

प्रोटोटाइप पहिला: पुठ्ठा आणि कागद

थेट सर्किट जोडायला बसू नका. आधी पुठ्ठ्याचं मशीन बनवा. टीव्हीच्या खोक्यावर डिस्प्लेची खिडकी कापा आणि मागून आकड्यांच्या पट्ट्या सरकवा. एक जण बाइकवर हेल्मेट घालून बसेल, दुसरा भरणारा होईल, तिसरा आत बसून आकडे बदलेल. दुपारी १२ ते ३ च्या उन्हात करा, संध्याकाळी नको.

मग बाइकवाल्याला व्यवहार झाल्यावर तीनच प्रश्न विचारा: झिरो दिसला का? शेवटी किती लिटर होते? मध्ये काही थांबलं का? "डिझाइन आवडलं का" असं विचारू नका. घरचे लोक "छान आहे" म्हणतात आणि आपण फसतो.

किती जणांवर करायचं? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की पाच जणांवर चाचणी केली तरी बहुतेक मोठे दोष बाहेर येतात. फक्त पाचही जण कॉलेजचे मित्र नसावेत. एक आजोबा, एक स्कूटरवाली, एक भरणारा नक्की घ्या.

प्रोटोटाइप दुसरा: पाण्यावर चालणारं मॉडेल

पहिला नियम: फक्त पाणी. पेट्रोल, डिझेल, थिनर, काहीही नाही. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते. खऱ्या मशीनमधला प्रत्येक विजेचा भाग ठिणगी बाहेर जाणार नाही अशा पद्धतीने बनवलेला असतो. आपल्या ब्रेडबोर्डवर तसं काहीच नसतं.

साहित्य:

- आर्डुइनो उनो
- वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर, स्वस्तातला आणि ऑनलाइन सहज मिळणारा
- १२ व्होल्टचा डायाफ्राम पंप
- मोटरचा वेग बदलायला मॉस्फेट मॉड्यूल
- मोठ्या आकड्यांचा डिस्प्ले आणि कीपॅड
- एसडी कार्डवरचे आवाज वाजवणारं मॉड्यूल आणि स्पीकर
- दोन बादल्या आणि एक लिटरचं खात्रीचं माप

पंपासाठी लांब जायची गरज नाही. कपाशीवर फवारणी करायचा बॅटरीवाला पंप खान्देशात घरोघरी असतो. त्यात १२ व्होल्टचा डायाफ्राम पंपच असतो आणि खटका असलेली दांडीही, म्हणजे नोझल आयतंच. फक्त औषध मारलेला पंप वापरू नका. नवीन घ्या किंवा सुटा पंप घ्या.

सेन्सरच्या माहितीपत्रकानुसार लिटरला साधारण ४५० पल्स येतात, म्हणजे एक पल्स २.२ मिलीचा. पण हा आकडा आंधळेपणाने धरू नका. एक लिटर मोजून ओता, पल्स लिहा, असं दहा वेळा करा आणि तुमच्या सेन्सरचा आकडा काढा. हा सेन्सर मिनिटाला १ लिटरच्या खाली नीट मोजत नाही, तेही ध्यानात ठेवा.

हिशोब: इथे सगळे चुकतात

समजा भाव १०५.५० रुपये आहे. पैशांसाठी दशांशवाली संख्या वापरू नका. सगळं पैशांत मोजा: १०५५० पैसे. मग रक्कम = पल्स गुणिले १०५५०, भागिले ४५०.

आर्डुइनो उनोवर साधा पूर्णांक ३२७६७ पर्यंतच जातो. तीन पल्सला गुणाकार येतो ३१६५०, ठीक. चौथ्या पल्सला ४२२०० आणि आकडा उलटून उणे होतो. म्हणजे भरायला सुरुवात केल्या केल्या डिस्प्लेवर उणे रक्कम! उपाय सोपा, ३२ बिटांची संख्या वापरा.

दुसरी अडचण: दोनशे रुपयांचे पल्स होतात ८५३.०८. अर्धा पल्स नसतो. ८५३ वर थांबलं तर १९९.९८ रुपये, ८५४ वर २००.२१. एका पल्सची किंमत साधारण २३ पैसे आहे. आकडा गोल करून २०० दाखवायचा मोह होतो, तो टाळा. जे मोजलं तेच दाखवा. अधिक बारीक हवं असेल तर अधिक पल्सचा सेन्सर हवा, डिस्प्लेची रंगरंगोटी नको.

तिसरी: पंप बंद म्हटल्याबरोबर बंद होत नाही. मिनिटाला ३ लिटर म्हणजे सेकंदाला ५० मिली. थांबायला ०.२ सेकंद लागले तर १० मिली जास्त जातं. एका लिटरमागे १ टक्का! म्हणून शेवटच्या १०० मिलीला वेग मिनिटाला १.२ लिटर करा, मग जादा जातं ४ मिली. त्याहून हळू केलं तर सेन्सरच चुकायला लागतो. खऱ्या मशीनमधला "आधी बारीक, मग बंद" व्हॉल्व्ह कशासाठी असतो हे इथे हाताने कळतं.

चौथी: मध्येच वीज गेली तर? आकडा जपायला हवा. पण उनोची कायमची मेमरी, म्हणजे ईप्रॉम, एका जागेवर सुमारे १ लाख वेळाच लिहू देते. दर पल्सला लिहिलं तर साधारण २२० लिटरमध्ये ती जागा संपली. म्हणून कपॅसिटरमध्ये थोडी वीज राखून ठेवा आणि पुरवठा पडतोय हे दिसताच एकदाच लिहा.

आवाज: मराठीत शंभर रेकॉर्डिंग

इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहाची पटं रेकॉर्ड केली की ९९ पर्यंतचं काम भागतं. मराठीत त्रेचाळीस, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याण्णव, प्रत्येकाचा शब्द वेगळा. म्हणून ० ते ९९ असे शंभर आवाज भरावे लागतात. वर "एकशे" ते "नऊशे", नुसतं "शंभर" आणि "हजार". आपली माणसं "एकशे पन्नास" कमी आणि "दीडशे" जास्त म्हणतात, "अडीचशे"ही. हे दोन शब्द वेगळे भरा. मशीन एकदम घरचं वाटायला लागतं. अहिराणीत हवं असेल तर घरातल्या आजीला माइकसमोर बसवा. तिच्याइतका चांगला आवाज विकत मिळणार नाही.

भरण्याच्या वेळी मशीन सतत बडबडणार नाही याची काळजी घ्या. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. दिवसभर तिथे उभ्या असलेल्या भरणाऱ्याच्या कानांचाही विचार करायचाय.

डिझाइनने काय सुटत नाही?

इथे खरं बोललं पाहिजे. २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात पोलिसांच्या विशेष पथकाने आणि मग आपल्याकडे ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे टाकले. मशीनमध्ये चिप बसवून माप मारल्याचे प्रकार उघड झाले. असली चिप पल्सर आणि कंट्रोलरच्या मध्ये बसून जादा पल्स घुसवू शकते. मग डिस्प्ले कितीही मोठा असो, तो खोटाच आकडा मोठा करून दाखवेल.

"शंभरऐवजी एकशे दहाचं भरा, म्हणजे फसवता येत नाही" असं बरेच जण सांगतात. पल्सच वाढवले जात असतील तर शंभर काय आणि एकशे दहा काय, दोन्हीत सारखंच कमी मिळणार.

यावर उपाय एकच: माप. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. ०.५ टक्का, म्हणजे पाच लिटरला २५ मिली, इतकाच फरक चालतो. मशीनची दरवर्षी तपासणी होते आणि आतल्या भागांना सील असतं.

म्हणूनच तुमचा प्रोटोटाइप कितीही चांगला झाला तरी तो थेट पंपावर लावता येत नाही. खऱ्या मशीनचं सील तोडणं गुन्हा आहे आणि नवीन मशीनला त्याच कायद्याच्या कलम २२ नुसार आधी मॉडेल मंजुरी लागते. वजन-मापांच्या तपासणीसाठी केंद्राची एक प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळा नागपूरला आहे, आपल्या धुळे-जळगाव हायवेच्याच वाटेवर. जळगाव, धुळे, शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी हा प्रोजेक्ट घेतला तर अहवालात मंजुरीचं एक प्रकरण जरूर लिहावं. बहुतेक प्रोजेक्ट तिथेच कच्चे पडतात.

तोपर्यंत पंपावर काय करायचं?

१. मोबाइल किंवा पैसे आधी काढून हातात ठेवा, मग भरायला सांगा. माझी चूक तुम्ही करू नका.

२. गाडीवरून उतरा आणि डिस्प्लेसमोर उभे राहा.

३. झिरोसोबत लिटरचा भावही बघा.

४. मध्ये थांबलं तर पुन्हा सुरू करण्याआधी आकडा मोठ्याने वाचा.

५. पावती मागा. शंका असेल तर न लाजता पाच लिटरचं माप मागा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

या पाचही गोष्टी पुन्हा वाचून बघा. सगळ्या कामं गिऱ्हाइकाने करायची आहेत. उतरा, उभे राहा, वाचा, मागा. चांगलं मशीन ही कामं स्वतः करेल: आकडा समोर आणेल, मोठ्याने वाचेल, पुसणार नाही. माझ्या मॉडेलमधली "मागची गाडी" ही ओळ मी पहिल्यांदा मामांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा न लावता ती वाचली आणि विचारलं, "एवढंच? मग हे आधी का नाही केलं कोणी?"

तुम्ही बनवलंत तर आम्हाला नक्की कळवा. विशेषतः चाचणीत काय फसलं ते.